देवघरातलं बटण

घरचे फोटो परक्या कंपनीकडे कशाला, म्हणून दिशाने मुलुंडच्या घरातच त्यांची सोय करायला घेतली. मिठाईच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर आणला, हार्ड डिस्क जोडली आणि व्हिडिओ बघत, चुकत, स्वतःवरच चरफडत कित्येक रविवार घातले. शेवटी फोनमधले फोटो आपसूक त्यात जाऊ लागले, तेव्हा ती नाचलीच.

पण रोज सकाळी कॉम्प्युटरचा तो डबा बंद! कारण तिचे वडील, अण्णा. घरातलं एकूण एक बटण बंद केल्याशिवाय त्यांना झोपच यायची नाही. तिने बटणावर चिठ्ठी चिकटवली, तर चिठ्ठीसकट बंद.

"अण्णा, सगळ्याची वाट लावताय तुम्ही!" ती कडाडली.

"मग रात्रभर कोण बघतं गो तुझे फोटो?"

दिशा तणतणत घरभर दुसरी जागा शोधू लागली आणि देवघरापाशी थबकली. देवापुढच्या लाल दिव्याचं बटण अण्णांनी तिच्या जन्मापासून कधी बंद केलं नव्हतं. तिने डबा तिथेच मांडला आणि त्याच बटणावर जोडला. मग अण्णांच्या पाकिटातला आजीचा एकुलता एक, कडा झिजलेला फोटो मागून घेतला, फोनवर काढला आणि त्यांना दाखवला. "ही आता या डब्यात. कधी फाटणार नाही."

अण्णांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन फोटो निरखला.

सकाळी डबा चालू होता. वर एक जास्वंद होती. दिशा ती उचलायला गेली, तसे अण्णा आतून ओरडले, "राहू दे गो! माझी आय आहे त्यात."