आत घेतलेला सदरा

"टाचणी टोचतेय गं," तो पुटपुटला. स्टुलावर उभ्या उभ्या, ओठ न हलवता, बायकोपुरतंच. दाराशी थांबलेल्या दिराने लगेच खिडकीबाहेर पाहिलं. देवाला टाचणी टोचत नाही, आणि टोचलीच तर ते कुणी ऐकायचं नसतं.

तिने टाचणी काढून ओठांत धरली आणि सदऱ्याची बाजू पुन्हा चिमटीत घेतली. मागच्या खेपेपेक्षा जास्त कापड हाताला आलं. खालची बरगडीही.

लग्न झालं तेव्हा तो लिफ्ट दुरुस्त करणारा साधा, विसराळू माणूस होता. दोन्ही पायमोजे एका रंगाचे निघाले तर त्यालाच घरात चमत्कार म्हणायचे. मग एका इमारतीतली लिफ्ट वरून कोसळली आणि हा आतून कपडे झटकत बाहेर आला. कडेवर कुणाचं तरी मूल, दोघांच्याही अंगावर ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई दारात येऊन बसली. मग तिची शेजारीण आली, मग शेजारणीची सगळी गल्ली. सुरुवातीला त्याने हसण्यावारी नेलं. ब्रेक लागला हो, मी काय केलं, असं प्रत्येकाला सांगायचा. सांगून सांगून थकला आणि एक दिवस सांगायचाच थांबला. दादा दादा करणारा धाकटा भाऊ देवा म्हणू लागला. 'अहो' म्हणणारी तेवढी ही एकटी उरली.

आणि मग तो वाळायला लागला.

सदरा आत घे, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवयच ती. सैल दिसलं की आत घ्यायचं. पण हात इतका साफ, की दर्शनाला हॉलमध्ये बसणाऱ्या एवढ्या डोळ्यांना देव जसाच्या तसा दिसत राहिला. कापलेल्या पट्ट्या बाहेर टाकाव्यात तर त्यांच्यासाठी डोकी फुटली असती, म्हणून तिने त्या उशीत भरल्या. तो जेवढा कमी होत गेला, तेवढी त्याच्या डोक्याखालची उशी फुगत गेली.

डॉक्टरचा विषय तिने दिराकडे काढून पाहिला होता. दीर वाईट नव्हता, हेच तर अवघड जागेचं दुखणं. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, की दारातून डॉक्टर आत येताना दिसला तर या लोकांनी कुणाकडे बघायचं? मागच्या दाराने आणा, ती म्हणाली. मागेही लोक बसलेत वहिनी, तो म्हणाला. नवऱ्याला विचारावं, तर तो भिंतीकडे बघत म्हणायचा, मला काय होणार आहे, लिफ्टमध्ये तरी झालं होतं का? कोसळलेल्या लिफ्टपेक्षा तिला या वाक्याची जास्त धास्ती होती.

आज तिने लावलेल्या टाचण्या परत काढल्या. एकेक करून, सगळ्या.

दिराने भुवया उंचावल्या.

"मशीनची सुई मोडली, भाऊजी," ती म्हणाली. "आज असेच जाऊ देत."

तिचा विचार सरळ होता. दिसू दे लोकांना. एवढा जीव लावतात, तर घाबरतील. कुणीतरी म्हणेलच, अहो, यांना दवाखान्यात न्या.

तो हॉलमध्ये गेला तो खुंटीवरचा सदरा चालत निघाल्यासारखा. कॉलरमधून मान काडीसारखी वर आलेली. कुजबुज थांबली. पहिल्या रांगेतली ती मुलाची आई त्याच्याकडे बघतच राहिली. तिचा हात हळूहळू छातीशी गेला. आता म्हणेल, भिंतीला पाठ टेकून ही मनात म्हणाली. आता.

"हलके झालेत," ती बाई म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "देह सोडायला लागलेत."

ते शब्द रांगेमागून रांगेत झिरपत गेले. लोक रडू लागले, पण आनंदाने. आता शेवटपर्यंत इथून हलायचं नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी उठून दाराला आतून कडी घातली. दिराने क्षणभर वहिनीकडे पाहिलं. क्षणभरच. मग तोही सगळ्यांबरोबर गुडघ्यांवर बसला.

हात पुढे आले. सैल सदऱ्यात प्रत्येकाच्या मुठीला पुरेल एवढी जागा होती. खांद्यावरची शिवण उसवली, तो आवाज तिला इतक्या गर्दीतही ओळखू आला. टीप तिचीच होती. ती पुढे घुसू लागली, पण तिला कुणी वाट देईना. देवाला बायको असते हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

तो डोक्यांवरून कुणाला तरी शोधत होता. ती दिसल्यावर त्याची नजर थांबली. या खेपेला त्याचे ओठ हलले. आवाज मात्र तोच, टाचणी टोचल्याचा, फक्त तिच्यापुरता. पण देव बोलणार म्हणून सगळा हॉल श्वास रोखून होता, त्यामुळे तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"अगं, मला मरायचं नाहीये."