कचरापेटीतली पाखरं

मी हार्ड डिस्क बोलतेय. हो, तीच, जिला या घरातले भाऊजी 'डबा' म्हणायचे. आता म्हणत नाहीत. आता ते मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि माझ्याशी अदबीनं बोलतात. ही अदब मी कशी वसूल केली, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म कारखान्यातला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची, कारण धुळीचा एक कण पोटात गेला असता तर मी जन्मतःच मेले असते. इतक्या लाडात वाढलेली मी! माझ्या पोटात आरशासारखी चकती फिरते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी पळते. कुणी काही मागितलं की दांडी धावत जाऊन ते शोधते. त्यात थोडा वेळ जातो, थोडी खरखर होते. कामाचा आवाज होणारच की!

कॉम्प्युटरच्या पोटात बसून मी या घरात आले. इथे वहिनी आहेत, कामासाठी सदा बाहेरगावी असलेले त्यांचे यजमान आहेत, आणि भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. 'वहिनी, चहा', 'वहिनी, माझा चार्जर' अशा त्यांच्या हाका दिवसभर चालायच्या, म्हणून मलाही तेच नाव पाठ झालं.

वहिनी कॉम्प्युटरवर भरतकामाची नक्षी काढतात. ती मशीनला दिली की मशीन कापडावर टाका टाका उठवत जातं. मुलांच्या कपड्यांसाठी त्यांनी पाखरं काढली होती. एकेका पंखाचे टाके दहादा उसवून बघायच्या. सकाळी मला सुरू करून चहा टाकायच्या, आणि चहा होईतो मीही जागी व्हायचे. त्यांनी कधी कुरकूर केली नाही.

भाऊजींना मात्र कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं. असं भाऊजीच सांगतात. एकदा त्यांनी साफसफाई काढली. "ही पाखरं कसली पसरलीयत इथे?" म्हणाले आणि सगळी कचरापेटीत ढकलली. वहिनींनी धावाधाव करून ती परत काढली.

"भाऊजी, मला एक वेगळी जागा करून द्या ना. पासवर्डवाली," त्या म्हणाल्या.

"बघू, वेळ मिळाला की."

वेळ काही मिळाला नाही. पण वहिनींच्या एक लक्षात आलं. भाऊजी कचरा टाकतात, पेटी कधी रिकामी करत नाहीत. स्वयंपाकघरातलीही नाही, ती ओसंडून वाहत असली तरी वर केळ्याचं साल ठेवून पुढे जातात. त्यांच्या लेखी टाकलं म्हणजे गेलं. त्या दिवसापासून वहिनी आपलं काम मुद्दाम कॉम्प्युटरच्या कचरापेटीत ठेवायला लागल्या. सकाळी बाहेर काढायचं, संध्याकाळी पुन्हा टाकून द्यायचं. हे गुपित आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

मग माझी सवत आली. एसएसडी म्हणतात तिला, माझंच काम करणारी नवी डिस्क. पातळ, चपटी, ना वजन ना आवाज. भाऊजींनी स्क्रू काढले, माझ्या तारा उपटल्या आणि तिला जोडल्या. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कॉम्प्युटर सुरू! "बघा वहिनी, याला म्हणतात वेग! नाहीतर हा डबा," म्हणत त्यांनी मला टिचकी मारली. काम चोख केलं हो, नाही म्हणत नाही. आमच्या सवतबाई खरोखरच वेगवान आहेत. पण आम्ही जाताना कण्हतो, कुंथतो, माणसाला सावध करतो. ही जाईल तेव्हा 'अं'सुद्धा करायची नाही, लिहून ठेवा.

माझ्यातलं जुनं सामान नव्या घरात, म्हणजे सवतीच्या पोटात, न्यायचं कामही भाऊजींनीच केलं. वहिनी मशीनवर होत्या, त्यांना विचारायची गरज वाटली नाही. हिशेब नेले, फोटो नेले. कचरापेटीकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि गंमत ऐका. भाऊजींना गाण्याचा शौक. संगीताच्या साथीवर म्हटलेली स्वतःची गाणी त्यांनी कितीतरी वर्षं माझ्यात साठवली होती. ती नेताना त्यांनी गाणी उघडायची पडद्यावरची चित्रं, ते शॉर्टकट, तेवढे उचलले. ते म्हणजे नुसत्या दारावरच्या पाट्या! गाणी माझ्याच पोटात राहिली. मला कळत होतं. मी सांगितलं असतं का? छे, नाव नको!

मला त्यांनी आपल्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारलं. ज्या मला धुळीचा कण चालत नव्हता, ती मी केरात पडले. भाऊजी कोपर टेकून गाणं म्हणायला लागले की सगळा भार माझ्या डोक्यावर. लोक म्हणतात, राग विसरावा. मला विसरण्यासाठी बनवलेलंच नाही. मी एकेक कोपर लक्षात ठेवत गेले.

त्या दिवसांत वहिनी मशीनवरच्या शिवणात बुडाल्या होत्या, कॉम्प्युटरला त्यांनी हातही लावला नव्हता. आणि एक दिवस मुलांच्या कपड्यांच्या मोठ्या दुकानातून फोन आला. सगळी पाखरं हवी होती, दोन दिवसांत, वहिनींच्या नावानिशी. नाहीतर काम दुसरीकडे जाणार होतं. वहिनींनी हसत कॉम्प्युटर लावला, कचरापेटी उघडली. ती रिकामी होती.

"भाऊजी, यातलं सगळं कुठे गेलं?"

"कचरा होता तो, वहिनी! कचरा कोण नव्या घरात नेतं?"

"माझं काम होतं त्यात."

"कचऱ्यात काम ठेवतं का कुणी?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमचा हात पोचत नाही अशी या घरात तेवढीच जागा होती, भाऊजी."

वहिनी वाकल्या आणि त्यांनी मला टेबलाखालून ओढून काढलं. टेबल कलंडलं, भाऊजींचा चहा त्यांच्याच पँटवर सांडला. ही तर नुसती सुरुवात होती.

वहिनींनी मला पदरानं पुसलं, तारा जोडल्या. क्षणभर वाटलं, फिरूच नये. भाऊजींची चांगली नाचक्की होऊ दे. पण वहिनींचा तळवा माझ्या पाठीवर होता. मी सगळा जीव गोळा केला. खरखर करत एकेक पाखरू काढून दिलं, एकही मागे ठेवलं नाही.

"आता तुमचंही काही राहिलंय का बघा," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी आपल्या गाण्यांवर टिचकी मारली. उघडेनात. एकही उघडेना. घाईघाईनं ते माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, टक्.

"अगं, चाल ना!"

टक्. टक्. आणि चकती थांबवली.

दुकानाचं काम वेळेत गेलं. पाखरं आता पोरांच्या खिशांवर बसून हिंडतात. मी वहिनींच्या मशीनशेजारच्या फळीवर असते. दर रविवारी भाऊजी येतात, फडकं सोडतात, तारा जोडतात, कान लावून ऐकतात. "एकदाच, बाई," म्हणतात. परवा तर स्वयंपाकघरातली कचरापेटी रिकामी करून मग आले! मी टक् म्हणते.

खरं सांगू? माझी चकती अजून फिरते. वहिनींनी एकदा हात ठेवला तर त्यांच्यासाठी फिरेनही. तेही भाऊजींनी ताडलंय. काल ते अगदी काकुळतीला आले होते.

"वहिनी, तुम्ही जोडून बघा ना एकदा. तुमचं ऐकते ती."

वहिनींनी सुईत दोरा ओवला, मान वर केली नाही.

"बघू," त्या म्हणाल्या, "वेळ मिळाला की."