नऊ टनांची पेटी आणि माझा मीटर

मित्रांनो, मी एक जुनी क्रेन आहे आणि माझ्यावर चोरीचा आळ आहे.

नऊ टन वजनाचं एक परदेशी यंत्र मी पळवून नेलं, असं कागदावर लिहिलेलं आहे. माझा वेग ताशी पंधरा किलोमीटर. मी रस्त्यावर आले की मागच्या गाड्यांची रांग लागते आणि रिक्षावाले माझ्या मालकाच्या आईबापाची चौकशी करतात. तरीही मी एवढं मोठं यंत्र घेऊन पसार झाले आणि ते कुणालाच दिसलं नाही, असं तपासात निघालं आहे. सध्या मी पुण्याजवळ पुनावळ्यात हायवेजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर, जप्त केलेल्या गाड्यांमध्ये उभी असते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पिवळा रंग, चार चाकं, पुढे लांब लोखंडी हात आणि हाताला हूक. चाकणकडे माझ्या जातीला हायड्रा म्हणतात. बारा टनांपर्यंत मी उचलू शकते. माझ्या केबिनमध्ये एक लहान मीटर आहे. हूकला जे काही लटकेल त्याचं वजन तो किलोमध्ये दाखवतो. तुम्हाला जीभ असते, तसा मला तो मीटर. मला दुसरं काही बोलता येत नाही.

चाकणला आले तेव्हा माझं कौतुक झालं. मालक रविराज शेठ यांनी मला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबरं स्वतः खाल्लं. त्यानंतर अकरा वर्षं मी कंपन्यांमधली यंत्रं उचलली, ट्रान्सफॉर्मर चढवले, खड्ड्यातले टेम्पो काढले. एकदा विहिरीत पडलेली म्हैस काढली.

माझा चालक नागसेन. तो आकुर्डीचा. त्याचे वडील एका कारखान्याच्या स्टोअरला होते आणि चिठ्ठी असल्याशिवाय स्क्रूसुद्धा बाहेर जाऊ देत नव्हते. नागसेनला त्यांच्याकडून एकच सवय लागली होती. मी जे जे उचलायचे ते तो वहीत लिहायचा. तारीख, जागा, वस्तू, वजन. दुसरा कुठलाच चालक असं करत नव्हता.

खाली मालाला पट्टे बांधायला खंडू असायचा. तो चाकणजवळच्याच एका गावचा शेतकरी. म्हैस वर आली तेव्हा तिचं पोट पुसायचं सोडून नागसेन वही काढून बसला, म्हणून खंडू चिडला होता.

"अरं, म्हस मरायला टेकलीय आन तू तिचं वजन ल्हितोस व्हय?"

"लिहिल्याशिवाय झोप येत नाही, खंडूमामा."

वहीत तशी नोंद आहे. 'म्हैस, ४८० किलो, जिवंत.'

आता साहेबांविषयी. साहेब एके काळी दिल्लीत फार मोठ्या जागी होते. आता ते माजी आहेत. मी त्यांचं नाव घेत नाही, माझ्यावर आधीच एक केस आहे. खंडूच्या गावाजवळ तरुणांना काम शिकवणारं एक मोठं केंद्र उभं राहणार होतं. त्यासाठी गावाची जमीन घेतली, त्यात खंडूची तीन एकर गेली. तिथे शिकायला परदेशातलं यंत्र आणायचं ठरलं. ते यंत्र बघायला साहेब सतरा वेळा परदेशात गेले. शिष्टमंडळात त्यांचे दोन मेहुणे, एक ज्योतिषी आणि एक न्हावी असायचे. यंत्र चालवता येणारा माणूस एकदाही नेला नाही, कारण विमानात जागा नव्हती.

साहेब परत आले की आमच्याकडे स्वागत व्हायचं. मित्रांनो, आमच्या भागात नेत्याच्या गळ्यात हाताने हार घातला तर त्याला अपमान वाटतो. हार क्रेनने घालावा लागतो. सफरचंदांचा तीनशे किलोचा हार माझ्या हूकला लटकायचा आणि साहेब गाडीच्या टपातून डोकं बाहेर काढून त्याच्याखाली उभे राहायचे. फोटो झाला की दोन मिनिटांत लोक हार ओरबाडून सफरचंदं घरी न्यायचे. सतरा दौरे, सतरा हार. सगळे वहीत आहेत.

अठराव्या वेळी साहेब आले ते यंत्र घेऊनच. निदान पेटी तरी आली होती. लाकडाची, घराएवढी, वर परदेशी अक्षरं आणि ठळक आकडा, ९००० किलो. त्या दिवशी मी आधी हार उचलला आणि मग पेटी उचलायला नव्या केंद्राच्या दारातल्या ट्रकजवळ गेले.

खंडूने चार जाड साखळ्या काढून ठेवल्या होत्या. त्याने पेटी नीट करायला तिला खांदा लावला आणि पेटी सरकली. खंडू थांबला. त्याने पुन्हा खांदा लावला. पेटी पुन्हा सरकली. मग त्याने साखळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या आणि एक जांभळा पट्टा काढला. आमच्या कामात प्रत्येक रंगाच्या पट्ट्याचं वजन ठरलेलं असतं. जांभळा म्हणजे एक टन, सगळ्यात हलका.

पेटी वर आली तेव्हा नागसेनने मीटरकडे पाहिलं. ४१०. त्याने काचेवर टिचकी मारली. ४१०. हार ३४० होता.

"नऊ टन म्हणतायत," नागसेन खाली वाकून हळू बोलला.

"मी खांद्यानं ढकलली," खंडू म्हणाला. "येक तर मी भीम हाय, न्हाईतर पेटीत वारं हाय."

तेवढ्यात रविराज शेठ धावत आले. त्यांनी पट्ट्याभोवती झेंडूच्या माळा गुंडाळायला लावल्या आणि केबिनपाशी येऊन दात न उघडता बोलले. "हळू उतरव. जड वाटली पाहिजे. समोर टीव्हीवाले आहेत."

"शेठ, मीटर चारशे दहा दाखवतोय."

"मीटरकडं नको बघू, माझ्याकडं बघ."

इथे आमची चूक झाली, मित्रांनो. नागसेनने पाय दाबून माझं इंजिन ओरडवलं. मी काळा धूर सोडला, कण्हले, थरथरले, आणि चारशे दहा किलोची पेटी नऊ टनांसारखी इंच-इंच खाली ठेवली. माझ्या आयुष्यात मला कधी एवढ्या टाळ्या मिळाल्या नाहीत. साहेब माइकवर म्हणाले, "या यंत्राचं वजन नऊ टन आहे, पण तुमच्या प्रेमाचं वजन त्याहून जास्त आहे." त्या पेटीपुढे काहीही जास्तच भरलं असतं.

संध्याकाळी नागसेनने वहीत लिहिलं. 'हार, ३४० किलो. पेटी, ४१० किलो. पेटीवर लिहिलेलं ९०००.' खंडूने विचारलं, "कुनाला सांगायचं का?" नागसेन म्हणाला, "लिहिलंय ना." आणि आम्ही तिघं गप्प बसलो.

केंद्राला कुलूप लागलं ते निघालंच नाही. आत पेटी, बाहेर गवत. खंडू आपल्याच जमिनीच्या कुंपणाबाहेर उभा राहून आपल्याच जमिनीतलं गवत बघायचा. पाच वर्षं गेली. साहेब निवडणूक हरले, माजी झाले, आणि मग वर्तमानपत्रात आरोप सुरू झाले. सतरा दौऱ्यांचा खर्च कुणी केला? यंत्र विकणारी परदेशी कंपनी कोणती? त्या कंपनीच्या पत्त्यावर जाऊन एकाने पाहिलं तर तिथे केस कापायचं दुकान होतं. म्हणजे न्हावी नेला ते योग्यच होतं.

चौकशीचे अधिकारी केंद्र उघडून यंत्र बघायला येणार, असं ठरलं. ते सोमवारी येणार होते. शनिवारी केंद्राकडून तक्रार गेली की यंत्र चोरीला गेलं.

आता तपास कसा झाला ते ऐका. फौजदारांनी नागसेनला बोलावलं.

"नऊ टन कशानं उचलतात?"

"क्रेननं."

"तुझ्याकडं काय आहे?"

"क्रेन."

"मग झालं की."

"फौजदार साहेब, ती पेटी चारशे दहा किलोची होती. चार माणसं टेम्पोत घालून नेतील."

"म्हणजे चार माणसं पण तुझीच होती?"

मग फौजदारांनी त्याला मोबाइलवर तो सोहळा दाखवला. त्यात मी कण्हत होते, धूर सोडत होते. "हलकी होती तर ही बया एवढी का रडतीय?" त्यांनी विचारलं. नागसेनकडे याचं उत्तर होतं, पण ते लाज वाटण्यासारखं होतं. त्याने ते दिलं. फौजदारांना ते पटलं नाही.

नागसेन त्रेचाळीस दिवस आत होता. मला इथे आणून उभं केलं. यंत्र चोरीला गेलं म्हटल्यावर यंत्र आलं होतं हे आपोआप सिद्ध झालं, आणि साहेबांवरचा आरोप पातळ होत गेला. आता गुन्हेगार म्हणजे मी आणि नागसेन. त्याच्या बाजूने फक्त ती वही होती.

तो जामिनावर सुटला तेव्हा रविराज शेठ त्याला भेटायला आकुर्डीला गेले. हे मला खंडूच्या तोंडून कळलं. शेठ म्हणाले, "मीटर बिघडलेला होता असं म्हण. वही चुकीची ठरंल, साहेब खूश होतील, मी तुझ्यासाठी चांगला वकील देतो."

"आणि पेटी नऊ टनांची ठरली की मी चोर ठरतो, त्याचं काय?"

"त्याचं नंतर बघू."

"मीटर बरोबर होता, शेठ."

पुढच्या आठवड्यात शेठनी कोर्टात एक दाखला दिला. त्या सोहळ्याच्या आधीपासूनच मीटर बिघडलेला होता, असा. तो खरा मानला तर बिघडलेल्या क्रेनखाली एवढी वर्षं खंडूला उभं केलं असा त्याचा अर्थ होतो, पण ते कुणी विचारलं नाही. खंडूने कोर्टात जांभळ्या पट्ट्याचं सांगितलं. पट्टा झेंडूत झाकलेला असल्याने व्हिडिओत दिसत नाही. साहेबांचे वकील उठून म्हणाले की या माणसाची जमीन गेली आहे, हा रागापोटी बोलतो आहे. खंडू म्हणाला, "राग हायच की. पन त्यानं पट्ट्याचा रंग बदलतो का?" न्यायाधीशांनी त्याला खाली उतरायला सांगितलं.

जामिनाची अट होती की आरोपीने पासपोर्ट जमा करावा. नागसेनकडे पासपोर्ट नव्हता. तो आयुष्यात एकदाच विमानतळावर गेला होता, तोही हार घेऊन. त्याला पासपोर्ट नसल्याचं प्रतिज्ञापत्र करायला दोन दिवस लागले. साहेबांचा पासपोर्टही जमा होता. तो गुडघ्याच्या उपचारासाठी त्यांना परत मिळाला.

शेवटी न्यायाधीशांनी सोपा मार्ग काढला. माझ्याच हूकला एक टनाचं शिक्का मारलेलं वजन लटकवायचं. मीटरने एक हजार दाखवलं तर मीटर खरा, वही खरी, आणि नागसेन सुटला. दुसरं काही दाखवलं किंवा काहीच दाखवलं नाही, तर नऊ टन खरे. त्यावर सात वर्षांची शिक्षा होऊ शकते. नागसेनची मुलगी मैत्री आता बारावीत आहे.

ही परीक्षा दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. ती आपल्या समक्ष व्हावी असा साहेबांचा अर्ज आहे आणि साहेब परदेशात असतात. आधी डावा गुडघा झाला, मग उजवा. आता खांद्याचं चाललं आहे. साहेब तिकडे जितके दिवस राहतात, तितके दिवस मी इकडे गंजते. पावसाळा झाला. माझी बॅटरी उतरली. टायर बसले. वायरींमध्ये उंदीर राहतात.

नागसेन दर रविवारी बसने येतो आणि कुंपणाबाहेर उभा राहतो. पहिल्यांदा तो ग्रीसचा डबा घेऊन आला होता. इथे राखण करायला दुर्गाबाई असतात. त्यांनी त्याला आत सोडलं नाही.

"मुद्देमालाला हात लावायचा नाही, भाऊ."

"बाई, नुसतं ग्रीस लावतो. आणि वायरी बघतो."

"तू वायरी बघितल्या की पुरावा बदलतो."

"आणि उंदरानं कुरतडल्या तर?"

"उंदरावर केस नाही."

नागसेन डबा घेऊन परत गेला. दुर्गाबाई कडक आहेत, पण वाईट नाहीत. त्या दिवसापासून त्या आपली खुर्ची माझ्या चाकाला टेकवून बसतात आणि काठीने उंदीर हाकलतात. त्याला कोर्टाची परवानगी लागत नाही, हे त्यांनी विचारून घेतलं आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्रांची निगा राखा असं सांगायची पद्धत आहे. मला उपदेश करण्याचा हक्क नाही. हलकं असताना जड असल्याचं सोंग मी केलं, तेही टाळ्यांसाठी. तुम्हाला कुणी तसं करायला सांगितलं तर त्याच वेळी नाही म्हणा. नुसतं वहीत लिहून ठेवू नका.

पण एक विनंती आहे, आणि ती पलीकडच्या तीन इमारतींतल्या मुलांना आहे. तुम्ही संध्याकाळी कुंपणाशेजारी क्रिकेट खेळता. चांगलं खेळता. मागच्या महिन्यात तुमच्या एका षटकाराने माझी डावी काच फुटली, तेव्हापासून केबिनमध्ये दव आणि धूळ येते. तुमच्यावर माझा राग नाही, इथे सगळ्याच गाड्या भंगारासारख्या दिसतात. पण उजवी काच अजून शाबूत आहे आणि मीटर तिच्या मागे आहे. पुढची तारीख सोळा मार्च. तोवर स्टंप उलट्या बाजूला लावा, म्हणजे फटके रस्त्याकडे जातील. ती काच फुटली तर दुर्गाबाई तुमचा चेंडू तुम्हाला परत देतील. नागसेन परत देणं त्यांच्या हातात नाही.