पडद्यावरचा ठिपका

"कुठं हाय ठिपका? सगळा पांढराशुभ्र तर हाय पडदा," कावेरी म्हणाली आणि भाकरीचा डबा ठेवायला टेबलावर जागा शोधू लागली.

महांतेशला आधी हसूच आलं. मग आठवलं, तांदळातला एवढासा खडाही हिच्या नजरेतून सुटत नाही.

"नीट बघ की. वरच्या अंगाला, डावीकडं. आणि त्याच्याखाली दोऱ्यासारखं काळं."

कावेरीने पदर सावरला आणि काचेला नाक लागेल इतकी वाकून पाहिलं. "अहो, न्हाई काहीच. उगं कावून गंमत करताव?"

गंमत करायच्या मनःस्थितीत महांतेश मुळीच नव्हता. बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं संगणकदुरुस्तीचं दुकान होतं. टायपिंगवाले रातोरात कॉम्प्युटर क्लासवाले झाले होते, लग्नपत्रिकाही संगणकावर जुळू लागल्या होत्या, आणि नवं यंत्र कुणाला परवडत नव्हतं. म्हणून नेकनूरचा आसाराम हैदराबादला जाऊन कचेऱ्यांनी मोडीत काढलेली ग्राफिक्स कार्डं पोत्यात भरून एस्टीने आणायचा. कार्ड म्हणजे संगणकाला चित्र दाखवणारी हिरवी पट्टी. चित्र साठतं ते तिच्यावरच्या काळ्या चिपांच्या मेमरीत, आणि चिप नासली की पडद्यावर नको तिथे ठिपका उमटतो. महांतेश फ्लॉपी घालून अख्खा पडदा पांढरा करायचा, मग लाल, हिरवा, निळा, काळा. प्रत्येक रंगावर डोळे फाडून बघत बसायचा. ठिपका दिसला की ती चिप उपटून दुसरी बसवायची. निर्मळ निघालेल्या कार्डाला तो कपाळाच्या भस्माचं एक बोट लावी. लिंगायताचा हा ट्रेडमार्क, अशी गावात थट्टा चाले, पण घेणारे आधी भस्मच शोधत.

या खेपेचं मात्र प्रत्येक कार्ड ठिपक्याचं निघालं. चिपा बदलल्या, ठिपका तसाच. मॉनिटर बदलला, संगणक बदलला, तरी तसाच. मुकाट जागा तरी धरून राहावं, तर मेला सरकायचाही. तापल्यावर चिपा खोड्या करतात, अशी महांतेशने स्वतःची समजूत घातली. आता बदलायचं राहिलं होतं ते फक्त आसारामला. काल चहाच्या हॉटेलात, चारचौघांत, महांतेश त्याला चोर म्हणाला होता.

"लेकराची आण, म्हांतेश," आसाराम रडकुंडीला येऊन म्हणाला होता. "एकेक कार्ड चालू करून घेतलंय म्या. ठिपका न्हवता."

"मग माझे डोळे फुटलेत का बे?"

सगळं हॉटेल हसलं होतं. आसाराम अर्धा चहा टाकून उठून गेला होता.

"हे बघ, इथं," म्हणत महांतेशने आता काचेवर बोट टेकवलं. ठिपका बोटाखालून निसटला. त्याने बोट सरकवलं, ठिपका आणखी पुढे गेला. वैतागून त्याने उजवा डोळा तळहाताने चोळला, आणि तळहात डोळ्यावर असतानाच त्याला डाव्या डोळ्याने पडदा दिसला. पांढराशुभ्र. कावेरी म्हणत होती तसा.

त्याने हात काढला. ठिपका आला. हात ठेवला. ठिपका गेला.

मग तो दुकानाच्या चुन्याच्या भिंतीकडे वळला. भिंतीवर तोच ठिपका, तोच काळा दोरा, आणि नजर फिरवली की मागून डुलत येत होते. रोज सकाळी तो डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन एकटक बघत बसायचा. पण लिंग काळंच, काळ्यावर काळं दिसणार कसं? पडदाही काळा केला की निर्मळ दिसायचा, तेव्हाही त्याच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

"अहो, काय झालं? घाम कावून सुटलाय?"

"कावेरी," तो म्हणाला, "कार्डं चांगली हायेत."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घातले, तासभर बसवलं, मग कपाळाला दिवा बांधून दोन्ही डोळे तपासले. चिठ्ठी लिहिता लिहिता ते म्हणाले, "पडद्यात दोष आहे."

"पडदा न्हाई, डॉक्टर. तो म्या बदलून पाह्यलाय," महांतेश बोलून गेला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. कावेरीने नवऱ्याच्या बाहीला धरलं.

"डोळ्याचा पडदा म्हणतोय मी. साखर वाढून आतल्या बारीक नसा फुटल्यात, रक्त उतरलंय. साखरेच्या गोळ्या घेत नव्हता का?"

"घेत होतो. काही दुखतच नव्हतं, म्हणून सोडल्या."

"हे दुखत नाही. डाव्यालाही सूज आहे. औरंगाबादला जाऊन लेझर करून घ्या. उरलंय ते राखता येईल. गेलेलं परत येईलच असं नाही."

"दुसरा बसवता येत न्हाई?" त्याने विचारलं. सगळी हयात उपटून बसवण्यात गेलेल्या माणसाला हेच सुचणार. डॉक्टरांनी नुसती मान हलवली, आणि तीही महांतेशला धुरकट दिसली.

दुसऱ्या दिवशी आसाराम पोतं न्यायला आला. तोंड फुगलेलं, वहाणासुद्धा काढल्या नाहीत. "दे माझा माल. हैदराबादला परत करतो."

"माल चांगला हाय. तू खरा होतास."

"मग ठिपका कशाचा होता?"

महांतेशने उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं. आसाराम आधी हसायला लागला, मग कावेरीचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. तो तिथेच पोत्यावर बसला.

"न्हाई बे," तो म्हणाला. "मीच चोर हाय. परवा म्हणलास तेच बरं होतं."

मग महांतेशने पहिलं कार्ड संगणकात खोचलं, खुर्चीवर कावेरीला बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. एकेक रंग तो बदलत गेला आणि ती सांगत गेली.

"लाल. निर्मळ हाय." "हिरवा. निर्मळ."

कार्डामागून कार्ड पास होत गेलं. भस्माचं बोट लावायला त्याने डबी उघडली, क्षणभर थांबला आणि ती कावेरीपुढे सरकवली. ती संकोचली, पण तिने लावलं.

शेवटच्या कार्डाला पडदा पांढरा झाला आणि कावेरी काचेकडे वाकली.

"काय झालं?"

"ठिपका हाय," ती हळूच म्हणाली. "एकच. लाल हाय, मोहरीएवढा. खाली, उजवीकडं."

आसाराम उठून वाकला. "हाय की बे! लाज गेली माझी. एक खराब निघालंच."

महांतेश पुढे झाला. त्याने काचेला कपाळ टेकवून पाहिलं, एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. इतके दिवस नसलेला ठिपका हमखास दिसत होता, आणि असलेला दिसत नव्हता.

"हात धर," तो म्हणाला.

कावेरीने त्याचं बोट धरून काचेवर टेकवलं. काचेतल्या विजेने मनगटावरचे केस उभे राहिले.

"इथं?"

"इथंच."

त्याने बोट उचललं नाही.