हिरामणचा घाईतला सेंड-ऑफ

सातपूरच्या कारखान्यात हिरामणचा सेंड-ऑफ सुरू झाला, आणि खुद्द हिरामणला तिथून पळून जावंसं वाटायला लागलं. पण पळणार कसा? धाप लागते, म्हणून तर हे सगळं रामायण.

सोमवारी एचआरच्या मनोजसाहेबांनी त्याला केबिनमध्ये खुर्ची दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तिथंच ओळखायला पाहिजे होतं. "हिरामणभाऊ, आम्ही काढलं तर नावाला डाग. तुम्हीच लिहून द्या, प्रकृतीच्या कारणास्तव." भाऊ म्हटल्यावर गडी विरघळला. राजीनाम्यावर सही ठोकून मोकळा.

घरी बायकोनं, चैतालीनं, भांडी आपटली. "कंपनीला काढायचं तर काढू दे ना! तपासणी करतील, लेखी कारण देतील, मग आपण भांडू. तुम्ही आपल्या हातानंच सुटका केली त्यांची!" मग तिनंच युनियनच्या वकिलाला गाठलं. वकील म्हणाले, मंजुरीचं पत्र हातात पडायच्या आत राजीनामा मागे घ्या. एकदा पत्र घेतलं की अवघड.

म्हणून आज तो अर्ज खिशात घालून आला, तर गेटवरच त्याच्या जोडीदारानं, बहिरूनं, दंड धरला. "चला नवरदेव!" उद्यापासून शिफ्ट बदलणार, परत सगळे एकत्र सापडायचे नाहीत, म्हणून पोरांनी सेंड-ऑफ आजच उरकायला घेतला होता. प्रेमानं, बरं का.

तळघरातल्या कॅन्टीनमध्ये ताट तयार. शाल, नारळ, आणि वर कंपनीच्या शिक्क्याचं पांढरं पाकीट. हेच ते मंजुरीचं पत्र.

"बहिरू, मला जायचं नाही रे."

"कोणालाच जायचं नसतं, राजा. रडू नको, व्हिडिओ कॉल चालू आहे."

मनोजसाहेब ताट घेऊन पुढं आले. हिरामणनं अर्ज काढला. "साहेब, आधी हे घ्या."

"नंतर, नंतर. आधी सत्कार."

ताट छातीला टेकलं. हिरामणनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"लाजतोय, लाजतोय!" पोरं खिदळली.

त्यानं सरळ माईक ओढला. "मी राजीनामा मागे घेतोय. हा अर्ज. ते पाकीट मी घेणार नाही. मला याची पोच द्या."

बहिरूचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं मोबाईल साहेबांच्या नाकाजवळ नेला. "द्या की साहेब पोच. घरचे बघतायत."

साहेबांनी दात आवळून सही केली. "पोच दिली म्हणजे प्रश्न मिटला नाही. तुमची मेडिकल लावतो."

"लावा."

"चला, मीही येतो वर शॉपमध्ये, तुमच्या मशीनपाशी. बघू काम कसं जमतं."

वर जायला लोखंडी जिना. साहेब पुढं, मागं वळून वळून बघणारे. हिरामणनं ओठ घट्ट मिटले, नाकानं श्वास ओढला आणि पहिली पायरी चढला. छातीत शिट्टी वाजायला लागली. तेवढ्यात पाठीवर एक पंजा टेकला. बहिरू खालून हळूच ढकलत होता, आणि शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून मोठमोठ्यानं खोकत होता.