माजी रहिवासी कमळाबाई

शहर गौरव समितीने यंदा नायगावच्या आजी-माजी नामवंतांचा सत्कार करायचं ठरवलं आणि त्या यादीत माझ्या सासूबाईंचं नाव आलं. कमळाबाई गमरे, मुलींच्या कबड्डी प्रशिक्षक. परळच्या इस्पितळात आयाची नोकरी सांभाळून त्यांनी चाळीस वर्षं चाळीमागच्या मैदानात मुली तयार केल्या. त्यातल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धा खेळून आल्या. म्हणजे नाव यायलाच हवं होतं, उलट उशीरच झाला.

घरात पेढे आले. मग सासूबाईंनी चष्मा लावून निमंत्रणपत्रिका वाचली आणि पेढा परत पुडक्यात ठेवला. त्यांचं नाव 'माजी रहिवासी' या मथळ्याखाली छापलं होतं.

"मी नाय जाणार," त्या म्हणाल्या.

आता यात समितीचं फार चुकलं असंही नाही. आमची बीडीडी चाळ पाडलीय, तिथे टॉवर उभा राहतोय आणि तोवर आम्ही घोडपदेवला तात्पुरत्या खोलीत राहतो. समितीने घोडपदेवचा पत्ता बघितला आणि माजी ठरवून मोकळी झाली. पण चाळवाल्यांना कागदाची किती धास्ती असते, हे त्यांना काय ठाऊक? पुनर्विकासासाठी कागद दाखवून दाखवून आमची माणसं अशी झालीत, की लग्नपत्रिका आली तरी आधी तळाचं बारीक अक्षर वाचतात.

"स्टेजवर शाल घेतली म्हणजे मी खोली सोडली हे कबूल केलं," सासूबाई म्हणाल्या. "उद्या कोणीतरी तोच फोटो पुढं करेल. एकदा रेषेबाहेर पाय पडला की पंच ऐकत नाय."

"आई, काय पण बोलतेस!" माझा नवरा अजित म्हणाला. "नव्या घराच्या पात्र यादीत माझं नाव आलंय. विषय संपला."

"तुझं आलंय," एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या दादरला समितीच्या ऑफिसात गेल्या. तिथले सामंत साहेब तसे भले गृहस्थ. आधी हसले. म्हणाले, "अहो कमळाबाई, माजी म्हणजे काही कमीपणा नाही. केवढी मोठमोठी माणसं आहेत त्या यादीत!"

"ती मोठी माणसं आपल्या पायानं सोडून गेली. मला चाळ पाडायची म्हणून हलवलंय. मी परत जाणारेय."

पत्रिका वाटून झाल्या होत्या, सन्मानचिन्हांवर नावं कोरून झाली होती. सामंत साहेबांनी चहा मागवला. चहा संपला तरी सासूबाई हलल्या नाहीत. मुलींना त्यांनी आयुष्यभर हेच शिकवलंय, धरलं की सोडायचं नाही. शेवटी साहेबांनी लेटरहेड काढलं आणि सासूबाईंनी सांगितलं तसं लिहून दिलं: कबड्डी प्रशिक्षक कमळाबाई गमरे या नायगाव बीडीडी चाळ क्रमांक बावीस, खोली क्रमांक अठ्ठेचाळीसच्या रहिवासी आहेत, माजी नाहीत. खाली सही आणि गोल शिक्का.

संध्याकाळी अजितने ते पत्र वाचलं. "आई, हे कुठेच चालणार नाही. सत्काराच्या समितीचं पत्र, त्याला कोण विचारतंय?"

"नाय विचारलं तर नाय." सासूबाईंनी त्याच्या हातातून पत्र घेतलं आणि नीट घडी घातली. "बावन्न वर्षं राह्यले त्या खोलीत. भाड्याची पावती आधी सासऱ्याच्या नावावर, मग ह्यांच्या, मग तुझ्या. रेशनकार्डावर पण मी कोंडीरामची बायको. खोली नंबर अठ्ठेचाळीसमध्ये कमळाबाई राहते, असं कोणीतरी आज पहिल्यांदा लिहून दिलं."

मला तर मान वर करवेना, इतकी लाज वाटली. सासरे गेले तेव्हा खोली नावावर करायचा अर्ज मी भरला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. वारसाच्या रकान्यात मी अजितचं नाव लिहिलं. सासूबाई समोरच बसल्या होत्या, पण त्यांना विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. मग कागद त्यांच्याकडे फिरवून, आपली काही हरकत नाही अशी त्यांची सही मीच घेतली.