लाल फडक्याचा डबा

माझा बा, माघ्या, जन्मभर मोटार चालवत होता आणि जन्मभर लोक त्याला हळू चालवतो म्हणून हसत होते. हसणाऱ्यांत माझी आई रुपी सगळ्यांत पुढे. ती म्हणायची, "तुझ्या बाच्या मोटारीपुढनं कोंबडी निघाली, तर पलीकडं अंडं घालून परत यायाची, तरी मोटार पोचलेली नसायची." बा ऐकून घ्यायचा. आईचं बोलणं त्याला आवडायचं, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

जव्हारला तेव्हा संस्थान होतं आणि मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बा डॉक्टरसाहेबांची मोटार चालवी. पेट्रोल दूरच्या स्टेशनवरून पत्र्याच्या डब्यांतून बैलगाडीने यायचं, कधी यायचं, कधी वाटेत अडकायचं. म्हणून बाला थेंबाथेंबाची काळजी. कोणी रस्त्यात बोलत उभं राहिलं की आधी इंजिन बंद करी, मग बोले. चाकातली हवा रोज सकाळी बघे. मोटारीत कोणी उगाच बोचकं टाकलं तर उतरवून ठेवायला लावी. पण उतारावर इंजिन बंद करून मोटार सोडून द्यायची, जशी इतर ड्रायव्हर पेट्रोल वाचवायला सोडत, ते त्याने कधी केलं नाही. "पेट्रोल डोक्यानं वाचवायचं, जीव टांगून नाय," असं तो म्हणे. हल्ली आमच्या घाटात पोरं जशी गाड्या सोडतात, ते बघायला तो नाही हे बरंच आहे.

तर गोष्ट माझ्या मावशीच्या, चैतीच्या लग्नाची.

आईचं माहेर मोखाड्याच्या अलीकडे, मोठा चढ संपून सपाटी लागली की येणाऱ्या पाड्यावर. आईची आई लवकर गेली होती. चैती तेव्हा रांगत होती, आणि आई स्वतः लहान असून तिनेच तिला कडेवर घेऊन वाढवलं. त्यामुळे हे लग्न आईच्या दृष्टीने बहिणीचं नव्हतं, लेकीचंच होतं. आजा, म्हणजे आईचा बाप ढवळू, जव्हारच्या बाजाराला आला तेव्हा लग्नाचं सामान घेऊन गेला. मांडवातल्या चिमण्यांसाठी घासलेटचा डबा बाने आधीच आणून आमच्या पडवीत ठेवला होता. त्याच्याच शेजारी मोटारीच्या जादा पेट्रोलचा डबा. दोन्ही डबे एकाच मापाचे, एकाच रंगाचे. गफलत नको म्हणून बाने पेट्रोलच्या डब्याच्या कडीला लाल फडकं बांधलं होतं. लाल म्हणजे धोका, हे त्याला स्टेशनवर कोणीतरी शिकवलं होतं.

आमच्या लोकांत लाल फडकं बांधतात ते देवाच्या नारळाला, नवरीच्या टोपलीला, लग्नाच्या तांदळाला. आजा आला तेव्हा बा घरी नव्हता. आजाने दोन डबे बघितले, फडकं बघितलं आणि आईला म्हणाला, "जावाय शाना हाये माजा. लग्नाच्या डब्याला बरोबर खूण करून ठेवली." आणि लाल फडक्याचा डबा बैलगाडीत घालून खुशाल निघून गेला. आईलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट नवऱ्याचं कौतुकच वाटलं.

लग्नाच्या दिवशी डॉक्टरसाहेबांना मोखाड्याला जायचंच होतं. त्यांनी आईला सांगितलं, "रुपी, तूही बस मोटारीत. बहिणीच्या लग्नाला मोटारीतून जा." आई पहाटेपासून नटून बसली. पण निघणार तोच साखरशेतहून एक माणूस धापा टाकत आला. त्याची बायको अडली होती. मोटार आधी साखरशेतला गेली. डॉक्टरसाहेब आत गेले ते दुपार टळली तरी बाहेर येईनात. शेवटी दारात येऊन म्हणाले, "माझं आज इथून हलणं होत नाही. तुम्ही लग्नाला जा, उद्या मला न्यायला या." इतकी वाट वाकडी करणं बाच्या हिशोबात नव्हतं. पण मोटारीच्या पायरीवर जादा डबा बांधलेला होता, म्हणून तो निर्धास्त होता. तो डबा निघताना घाईत कोणी बांधला यावरून दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही. बा म्हणे रुपीने आणून दिला, आई म्हणे बांधणारा डोळे मिटून बांधत होता का. पडवीत एकच डबा उरला होता, तो बांधला गेला, एवढं खरं.

वाटेत आईने बाचं डोकं खाल्लं. "अजून जरा दामटा की. माजी चैती मांडवात बसली असंल. बैलगाडी बरी व्हती." बा आपल्या चालीने चालला होता. उन्हं कलली तेव्हा ते मोठ्या चढाच्या पायथ्याशी आले, आणि थोडं चढतात न चढतात तोच मोटारीने आचके दिले आणि ती बंद पडली.

बाने ब्रेक धरून ठेवला. "रुपे, उतर. चाकाच्या मागं धोंडा लाव. आधी धोंडा, मग बोल." आईने धोंडा लावला आणि मग पोटभर बोलली. बाने पायरीवरचा डबा सोडला, बूच उघडलं आणि वास घेतला. मग दोन थेंब तळहातावर घेऊन चोळले. पेट्रोल हातावर गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. हे उडालं नाही. हात तेलकट झाला.

"हे घासलेट हाये," बा म्हणाला. "लाल फडक्याचा डबा कुठं गेला?"

"तो माज्या बानं नेला. लग्नाचा म्हनून तुमीच फडकं बांधलं व्हतं ना?"

बाने डब्याचं बूच घट्ट लावलं. आई सांगायची, त्याचा चेहरा तसा तिने आधी कधी बघितला नव्हता. त्याने तिला समजावलं. पेट्रोल चिमणीत भरलं की ते वातीपुरतं जळत नाही. काडी लावल्याबरोबर सगळी चिमणी फुटते आणि लावणाऱ्याच्या अंगावर येते. स्टेशनवर एका क्लीनरचे हात आणि तोंड असंच जळालेलं त्याने बघितलं होतं. पाड्यावर कोणाला काय ठाऊक? ते घासलेट समजूनच चिमण्या भरणार आणि दिवेलागणीला पेटवणार.

आई लुगडं खोचून पळायलाच निघाली. बाने तिला अडवलं. चढ लांब, चढ संपल्यावरही पाडा दूर, आणि सूर्य डोंगराला टेकायला आलेला. पायी गेलं तर अंधार आधी पोचला असता. घासलेट टाकीत ओतलं तर मोटार भर चढावर धूर ओकत बसली असती, आणि मग काहीच हातात राहिलं नसतं.

"टाकीत तळाला पेट्रोल हाये," बा म्हणाला. "टाकी आपल्या बैठकीखाली. मोटारीचं तोंड वर झालं की इंजिन उंच जातं, मग पेट्रोल तिथवर चढत नाय. तोंड खाली ठेवलं तर आपसूक उतरंल. आपण उलटं चढू."

"उलटं म्हंजे?"

"पाठीकडनं."

आईला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पण बाने त्या अरुंद रस्त्यावर मोटार उताराच्या ओढीनेच जराजरा पुढेमागे सरकू देत, दर वेळी आईला धोंडा लावायला लावत, तिचं तोंड उताराकडे फिरवलं. इंजिन सुरू झालं. आईला त्याने मागच्या बैठकीवर गुडघे टेकून मागे तोंड करून बसवलं, कारण त्याला मान वळवून सगळा रस्ता दिसत नव्हता. "तू सांगायचं, मी वळवायचं."

आता पंचाईत अशी की आई मागे तोंड करून बसलेली, तिचा उजवा तो बाचा डावा. ती उजवीकडे म्हणाली की बा भलतीकडेच वळवी. एकदा मागचं चाक दरीच्या कडेच्या मातीत गेलं आणि दगड खाली गडगडत गेले. बाने मोटार थांबवली, धोंडा लावून घेतला आणि म्हणाला, "उजवं डावं सोड. डोंगराकडं का दरीकडं, तेवढंच सांग." मग सगळं सुरळीत झालं. "डोंगराकडं. अजून डोंगराकडं. आता जरासं दरीकडं, जरासंच." आई सांगायची, दोघांच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, पण एकमेकांचं इतकं ऐकलं ते त्या चढावरच.

माणूस चालेल त्या वेगाने मोटार पाठीकडून चढत होती. सूर्य डोंगराआड गेला. बा पुटपुटत स्वतःलाच शिव्या देत होता. डबा नीट बघितला असता तर, फडकं तपासलं असतं तर, पेट्रोल संपलं नसतं तर एव्हाना पोचलो असतो. आईच्या डोळ्यांपुढे हळद लागलेली चैती होती आणि ती रडत रडत "दरीकडं, दरीकडं" म्हणत होती. बाला घाई करायची नव्हती असं नाही. पण चढावर त्याने घाई केली नाही. माथ्यावर येताच त्याने मोटार सरळ केली, आणि सपाटीवर मात्र जन्मात पहिल्यांदा जरा जोरात हाकली. आई म्हणे, तरीही कोंबडी वाचली असती.

पाड्यावर आले तेव्हा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये अशी वेळ होत आली होती. मांडव अंधारात होता. माणसं अंधारातच बसून कुरकुरत होती. आई मोटार थांबायच्या आधीच उडी मारून धावली, हे तिने केलेलं बाला कधीच आवडलं नाही. मांडवाच्या खांबांना भरलेल्या चिमण्या ओळीने टांगल्या होत्या. एकही पेटलेली नव्हती. पहिल्या खांबापाशी आजा हातात वाळल्या काटक्यांची जळती चूड घेऊन उभा होता.

"ही काय येळ झाली यायची?" आजा चिडून म्हणाला. "समदे मना म्हनतात, दिवा लाव, दिवा लाव. मी म्हनलं, नाय. चैतीला रुपीनं वाढवलं. मांडवातला पहिला दिवा रुपीच्याच हातचा. ती आल्याबिगर चूड लावायची नाय. घे, लाव." आणि त्याने चूड तिच्यापुढे धरली.

आईने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. तेवढ्यात बा मागून आला. त्याने सासऱ्याच्या हातातली चूड हिसकली, लांब पळत नेली आणि मातीत दाबून विझवली. जावयाने मांडवात असं करावं म्हणून चार माणसं उठून उभी राहिली.  बा त्यांच्यामधून परत आला आणि त्या पहिल्या खांबापाशी थांबला. चिमणी आईच्या तोंडाच्या उंचीवर टांगलेली होती.

तेव्हा त्याला कळलं. ती चिमणी दुपारपासून भरून ठेवलेली होती, आणि दुसऱ्या कोणासाठी नाही, तर रुपीसाठी. पेट्रोल संपलं नसतं, आपण वेळेवर पोचलो असतो, तर हिने हसत हसत चूड घेतली असती. चढभर आपण ज्या गोष्टीसाठी स्वतःला शिव्या दिल्या, तीच झाली नसती तर.

बा तिथेच जमिनीवर बसला आणि रडला. सगळ्या पाहुण्यांसमोर, पागोटं तोंडावर धरून. आजाला काही कळेना, तो घाबरून म्हणाला, "अरं, मी काय रागानं बोललो नाय." मग आईने सगळं सांगितलं. आजा ऐकता ऐकता चिमणीपासून एकेक पाऊल मागे सरकत गेला. मग त्याने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढचं काम बाने कोणाला करू दिलं नाही. चुली विझवायला लावल्या. चिमण्या एकेक करून मांडवाबाहेर नेल्या, पेट्रोल डब्यात काढलं, मोटारीवरच्या डब्यातल्या घासलेटने आतून खळबळल्या, वाती फेकून नव्या वळायला लावल्या आणि सगळं वाऱ्यावर उघडं ठेवलं. नवऱ्याकडची माणसं अंधारात खोळंबली. कोणीतरी म्हणालं, हा मोटारवाला पहाट करणार. त्याला चैतीनेच डोक्यावरच्या पदराआडून गप्प बसवलं, नवरी असून.

चिमण्या घासलेट भरून परत टांगल्या तेव्हा आजाने नवी चूड पेटवून आणली. बा पुढे झाला. "पहिला मी लावतो. तू लांब उभी राहा."

"मांडवाचा पहिला दिवा माजा हाये," आई म्हणाली.

"घासलेटच हाये आता, पन तरी."

"मग तुमी लांब उभे राहा."

बा लांब गेला नाही. त्याने चूड धरलेलं तिचं मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून ती वातीला लावली. वातीने पेट घेतला, पिवळी ज्योत स्थिर झाली. भर मांडवात बायकोचा हात धरलेला नवरा बघून बायका खिदळल्या, एकीने तर गाण्यात त्याचं नाव घातलं. आई लाजून हात सोडवायला लागली. बा चिमणीकडे बघत उभा होता. त्याला गाणं ऐकू येत नव्हतं आणि मनगट काही सुटत नव्हतं, म्हणून दुसरा दिवाही दोघांनीच लावला, आणि तिसराही.